आई आणि मी एकाच बॅचला

आमच्या आईला दोन आवाज होते. एक घरातला. त्यात ती 'हाय', 'न्हाई', 'लई झालं आता' असं बोलायची, भाकरी थापताना धाकट्या दाविदला हाका मारायची आणि रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गाण्याच्या दुसऱ्या ओळीलाच सूर सोडून द्यायची. दुसरा आवाज एक्स्चेंजमधला. श्रीरामपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. तेव्हा फोन उचलला की आधी बाईचा आवाज यायचा, आपण नंबर सांगायचा आणि मग ती बाई समोरच्या बोर्डावर वायरीचं टोक योग्य भोकात घालून आपल्याला जोडून द्यायची. ड्यूटीवरचा तो आवाज इतका नितळ आणि शांत असायचा, की पहिल्यांदा मी शाळेच्या ऑफिसातून फोन लावला तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. मी म्हणाले, "बाई, मला गायकवाडबाईंशी बोलायचंय." पलीकडून घरातला आवाज आला, "रूथ, मीच हाय. काय झालं?"

आमचं घर रेल्वे लाइनच्या अलीकडे होतं. मालगाडी गेली की फडताळातल्या पितळी पेले किणकिणायचे. पपा साखर कारखान्यात फिटर होते. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि उसाचं गळीत सुरू असलं की त्यांच्या कपड्यांना मळीचा गोडसर आंबूस वास यायचा. तो साबणाने कधी गेला नाही. आईची ड्यूटी आणि पपांची पाळी यांची गाठ पडेल तसं आमचं जेवण ठरायचं. दोघं घरात असले की आई हुलग्याच्या शेंगोळ्या करायची. पिठात लसूण-मिरची घालून ती मळायची, ओट्यावर हाताने वळायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. मी आणि दाविद पातेल्याभोवती बसून राहायचो. आता माझ्या फ्लॅटमध्ये गॅस आहे, मिक्सर आहे, हुलगेही ऑनलाइन मागवता येतात. पण शेंगोळ्या वळायला घेतल्या की त्या सारख्या जाडीच्या होत नाहीत. सून म्हणते, आई, चवीला छान आहेत की. ती समजूतदार आहे.

दहावीची परीक्षा झाली आणि मी घरात रिकामी होते. पुढचं ठरल्यासारखंच होतं. आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आमच्या नात्यातल्या निम्म्या बायका नर्स नाहीतर शिक्षिका होत्या, आणि मलाही त्याच वाटेनं जायचं होतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दुसरं काही असतं हे ठाऊकच नव्हतं. त्या उन्हाळ्यात आमचा रेडिओ बंद पडला, आणि पपांनी तो माझ्या हातात देऊन मला कोते सरांकडे पाठवलं.

कोते सर मूळचे कर्जतकडचे. सैन्यात वायरलेसवर होते. तिथून सुटल्यावर त्यांनी श्रीरामपुरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर खोली घेतली होती. खाली दळण आणि वर रेडिओ-टीव्ही दुरुस्ती. खोलीत पीठ असं काही बसलेलं असायचं, की सर एखादा रेडिओ उघडायच्या आधी तोंडाने फुंकर मारायचे, मग ब्रशने झाडायचे आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर उचलायचे. त्यांनी आमचा रेडिओ उघडला आणि मी वाकून पाहिलं. आत रंगीत पट्ट्यांचे छोटे छोटे मणी, चांदीसारखे टिपके आणि एका फळीवर तांबड्या रेषांचं गाव. मी विचारलं, "सर, यातला आवाज कुठं असतो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठंच नसतो, पोरी. त्यो करावा लागतो. शिकायचंय का? सुट्टीचा क्लास हाय. इलेक्ट्रॉनिक्स आन् कॉम्प्युटरची तोंडवळख."

कॉम्प्युटर मी तोवर फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिला होता. सरांकडे तो खरोखरचा होता. कोपऱ्यात टेबलावर, आणि पिठापासून जपायला त्यावर जुन्या साडीचं शिवलेलं झाकण. पण त्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. आधी टॉर्चचा सेल, बल्ब आणि वायर. सर प्रत्येकाच्या हातात या तीन वस्तू द्यायचे आणि म्हणायचे, "लाव दिवा." काहीही सांगायचे नाहीत. आम्ही धडपडायचो. बल्बच्या बुडाला एक वायर आणि बाजूला दुसरी लावायची हे कुणाला पटकन कळायचं, कुणाला तासभर नाही. दिवा लागला की सर फक्त मान हलवायचे. मग सोल्डरिंग. तापलेल्या टोकाला कथिल लागलं की येणारा राळेचा तो वास मला अजून उदबत्तीपेक्षा आवडतो. त्यानंतर कीबोर्ड, तोही पुठ्ठ्याचा. सरांनी मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर चौकोन आखून, अक्षरं लिहून सगळ्यांना एकेक दिला होता. त्यावर बोटं बसली की मग खऱ्या यंत्रावर पाळी यायची. आणि तीही गिरणी बंद असेल तेव्हाच. कारण खाली मोटर सुरू झाली की वर व्होल्टेज पडायचं, काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं थरथरायची आणि सगळंच जायचं. सर जिन्यातून खाली ओरडून विचारायचे, "जरा दम धरता का? पोरं बसलीत." गिरणीवाला भला होता. बाहेर डबे घेऊन बसलेल्या बायकांना तो सांगायचा, "वर कॉम्प्युटर चाललाय, जरा थांबा." बायका थांबायच्या.

मी दोन आठवडे क्लासला गेले असेन, तेवढ्यात आई एका संध्याकाळी ड्यूटीवरून आली ती वेगळीच दिसत होती. तिने पाय धुतले, चहा ठेवला आणि दूध घालायचं विसरली. पपा घरी होते. ती म्हणाली, "नवं एक्स्चेंज येतंय. आपोआप चालनारं. लोक घरूनच नंबर फिरवनार. आमचा बोर्ड बंद."

"मग तुला काढनार?" पपांनी विचारलं.

"काढत न्हाईत. कॉम्प्युटरची परीक्षा हाय नगरला. पास झालं त्याला इथंच, तक्रारीच्या आन् बिलाच्या खोलीत. न्हाई झालं तर जिथं अजून बोर्ड हाय तिथं. मला जामखेड सांगितलंय."

जामखेड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. श्रीरामपुरातून निघायचं, नगरला गाडी बदलायची आणि मग पुन्हा तेवढंच कोरडं माळरान तुडवायचं. रोज जाऊन येऊन करण्यासारखं ते नव्हतंच. आईने बिनदुधाचा चहा सगळ्यांना दिला आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी क्लासला निघाले तर आई पायात चपला घालून दारात उभी. "चल," म्हणाली. मला वाटलं बाजारात जायचं असेल. ती माझ्यामागून गिरणीचा जिना चढली, सरांपुढे उभी राहिली आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात म्हणाली, "मला आपल्या वर्गात प्रवेश मिळेल का?" सरांनी तिला बसायला स्टूल दिलं. "या ताई. पोरीच्या शेजारी बसा." आणि तिच्या हातात सेल, बल्ब आणि वायर दिली.

आईला ते जमत नव्हतं, हे मी सरळ लिहिते. तिला दिवा लावायला बाकी कुणापेक्षाही जास्त वेळ लागला. सोल्डरिंगची गन तिने अशी धरली होती की जणू त्यातून साप निघेल. क्लासमधली मुलं कधी कधी हसायची आणि तीही त्यांच्यात हसायची. पण तिने सोडलं नाही. पुठ्ठ्याचा कीबोर्ड तिने ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. भाजी शिजेपर्यंत तिची बोटं त्यावर चालायची आणि तोंडाने अक्षरं. दाविद तिला शब्द द्यायचा. "आई, 'एलिफंट' मार." ती मारायची आणि म्हणायची, "झाला. दिसत न्हाई म्हून काय झालं?" पुठ्ठ्यावर हळदीची बोटं उमटली होती. खऱ्या यंत्रावर मात्र तिची पाळी आली की हमखास ती मला पुढे करायची. "तू बस. मी मागून बघते." मी बसायचे. मला त्या हिरव्या अक्षरांचं इतकं वेड लागलं होतं, की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही.

क्लास संपत आला तेव्हा सरांनी सगळ्या बॅचला नवं एक्स्चेंज दाखवायला न्यायचं ठरवलं. यंत्रं बसवून झाली होती, पण सुरू व्हायची होती. जुन्या इमारतीच्याच मागच्या अंगाला नवी खोली बांधली होती. आई ज्या दाराने रोज कामाला जायची त्याच फाटकातून त्या दिवशी ती आमच्याबरोबर, रांगेत शेवटची, विद्यार्थिनी म्हणून आत आली. दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या. आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. बाहेर मे महिना आणि आत गारवा. माझ्या आयुष्यातला पहिला एसी. उंच लोखंडी कपाटं, त्यांत फण्यांसारख्या उभ्या प्लेटा आणि त्यांच्या कडेने बारीक लाल-हिरवे दिवे. आवाज म्हणावा तर फक्त पंख्यांचा एकसारखा. शेजारच्या जुन्या खोलीतून मात्र बायकांचे आवाज ऐकू येत होते. "नंबर सांगा... बोला, पुणे बोला..."

एका तरुण इंजिनिअरने आम्हाला समजावून सांगितलं. मुलगा चांगला होता. तो म्हणाला की फोन उचलला की त्या घरची तार इथल्या एका कार्डाला कळवते, मग फिरवलेला नंबर यंत्र मोजतं आणि स्वतःच वाट शोधून देतं. कुणीतरी विचारलं, "मग मधे माणूसच नाही?" तो म्हणाला, "मधे नाही." मी आईकडे पाहायचं टाळलं. मला त्या खोलीतून बाहेर पडावंसंच वाटत नव्हतं. एका प्लेटवर मला आमच्या रेडिओत पाहिलेले तेच रंगीत पट्ट्यांचे मणी दिसले होते. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसं मला झालं. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे आईच्या मैत्रिणी बोलत होत्या. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. घरातलाच आवाज. "साहेब, हे बिघडलं तर?"

"म्हणजे?"

"बिघडंल ना कधी तरी. मग बघायला मानूस लागंल."

"लागेल की, मावशी," तो म्हणाला. "त्यासाठीच तर आम्ही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली पुष्कळ मुलं लागणार आहेत आता. मुलीसुद्धा घेतात."

आईने मान हलवली आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, माझ्याकडे वळून पाहिलं. बाजारात कापड पसंत पडलं की ती असंच पाहायची. दर विचारायच्या आधीच ते घ्यायचं ठरलेलं असायचं. घरी येताना ती फाटकाबाहेर थांबली, चपलेचा अंगठा नीट केला आणि म्हणाली, "नर्सिंग र्‍हाऊ दे. तू डिप्लोमाला जायचं."

आईची परीक्षा त्यानंतर काही दिवसांनी झाली. पपा तिच्याबरोबर नगरला गेले होते. परत आली तेव्हा तिने आधी डबा धुवून पालथा घातला, मग पाटावर बसली आणि झालं ते सांगितलं. टाइप करायला एक उतारा होता. पहिलं अक्षर तिने बरोबर शोधलं आणि दाबलं. दाबलं आणि धरून ठेवलं. बोर्डावर रिंग द्यायची कळ अशीच धरून ठेवायची असते, पलीकडचा माणूस उचलेपर्यंत. वर्षानुवर्षांची बोटांची सवय. पडद्यावर त्या एका अक्षराची ओळच्या ओळ धावत सुटली. ती घाबरली तसा हात आणखी घट्ट झाला. मग ती अक्षरं पुसायची कशी हे आठवेना. पुठ्ठ्यावर कधी काही पुसावं लागलंच नव्हतं. "सगळा पडदा भरला," ती म्हणाली. "टी, टी, टी, टी. लई वेळ." आणि ती हसायला लागली. पपाही हसले. दाविदला काही कळलं नाही, पण तोही हसला. मी हसले नाही. मला त्या क्षणी गिरणीच्या माडीवरची ती खुर्ची आठवली, तिची पाळी असताना मी बसायचे ती.

पुढे मी स्वतः वर्षानुवर्षं नवख्यांना कॉम्प्युटर शिकवला. आधी नोकरी सांभाळून, आता निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. माझ्याकडे येणाऱ्यांत शाळकरी मुली असतात तशा साठीच्या बायकाही. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला एक कळ दाबून धरायला लावते, पडदा भरू देते आणि मग तो पुसायला शिकवते. भीती तिथेच निम्मी जाते. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नाही.

निकाल काय लागणार हे ठाऊकच होतं. आईचं जामखेड ठरलं; परीक्षा पुन्हा होणार होती ती वर्षानेच. पपांनी एक दिवस जेवताना विषय काढला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांची पाळी कधी रात्रीची, दाविद लहान, घरात बाईमाणूस पाहिजे. "रूथ एक वर्ष थांबू दे," ते म्हणाले. "तू परत आली की जाईल."

आईने ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "एक वर्ष थांबलेली पोरगी पुन्हा जात न्हाई. मला म्हाईत हाय. मी बी थांबले हुते."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पपांनाही नसावं, त्यांच्या चेहऱ्यावरून तसं वाटलं. ती कशासाठी थांबली होती, काय शिकायचं होतं, हे मी नंतर अनेकदा विचारलं. तिने कधी सांगितलं नाही. पपा म्हणाले, "भाकरी मला जमायची न्हाई. भात करीन." दाविद म्हणाला, "मला भात चालतो." एवढ्यावर ते मिटलं. पपांनी खरोखरच भात केला, वर्षभर. आणि वर्षाच्या शेवटी आई दुसऱ्या परीक्षेत पास होऊन परत आली. कोते सरांनी तिला एक बंद पडलेला पण खऱ्या कळांचा कीबोर्ड दिला होता. तो मांडीवर घेऊन जामखेडच्या भाड्याच्या खोलीत ती रोज बसायची, कळ दाबायची आणि पटकन सोडायची. पण हे सगळं पुढचं.

मला नगरला डिप्लोमाला प्रवेश मिळाला, आणि कॉलेज सुरू व्हायचा दिवस आणि आईचा जामखेडला हजर व्हायचा दिवस एकच आला. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. नगरपर्यंतचा रस्ता एकच होता. पपांनी दोघींच्या ट्रंका टपावर चढवल्या आणि गाडी हलली तरी ते कडेने चालत राहिले. राहुरीपर्यंत उसाच्या शेतांवर धुकं होतं. मग आईने डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, आणि खाता खाता अगदी सहज म्हणाली, "मला भीती वाटती, रूथ." मी म्हणाले, "मला पण." त्यानंतर आम्हाला दोघींनाही बरं वाटलं आणि भाकरी संपली.

नगरच्या स्टँडवर जामखेडची गाडी लागलेली नव्हती. माझ्या कॉलेजला अजून वेळ होता. आम्ही ट्रंका मधे ठेवून बाकावर बसलो. समोर चहाच्या टपरीवर स्टोव्ह फरफरत होता, गाड्यांची नावं पुकारत होते. आई म्हणाली, "तुझं पुस्तक काढ. काय शिकवनार ते बघू." मी सरांनी दिलेलं जुनं पुस्तक काढलं. इंग्रजीच होतं. मी एकेक ओळ वाचायची आणि कळेल तसं मराठीत सांगायची. वीज म्हणजे काय, ती तारेतून कशी वाहते, तार तुटली की ती कशी थांबते. आई पदर सावरून, पुढे वाकून ऐकत होती. मग तिने मला थांबवलं.

"इथं तार तोडली की तिकडं लांब दिवा लगेच विझतो ना?"

"हो."

"मग इथं तोडलंय हे तिकडच्या विजेला कसं कळतं? तिला कोन सांगायला जातं?"

मी पुस्तकात पाहिलं. पान उलटलं. पुढचं पान पाहिलं. "मला न्हाई माहीत," मी म्हणाले.

"मंग हेच विचार तिथं."

गाडी लागली. मी तिची ट्रंक वर चढवायला मदत केली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी निघाली तेव्हा ती खिडकीतून काही म्हणाली, पण इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हात हलवला आणि माझी ट्रंक घेऊन रिक्षा शोधायला निघाले.

वर्गात बहुतेक मुलंच होती, आणि आम्ही मोजक्या मुली पहिल्या बाकावर दाटीवाटीने. तिथल्या सरांनी फळ्यावर एक सेल काढला, एक बल्ब काढला, दोन्हींना जोडणाऱ्या रेषा काढल्या आणि विचारलं की काही शंका आहे का. पहिल्याच तासाला कोण हात वर करतं? माझा हात वर गेला. उभी राहिले. मी विचारलं, जसं आईने विचारलं होतं तसंच, तिच्याच शब्दांत. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरच्या त्या दिव्यावर खडू टेकवला.

"हे सांगायला मला आठवडा लागेल," ते म्हणाले. "पण सांगतो. चांगलं विचारलंस."

"माझं नाही सर," मी म्हणाले. "माझ्या आईनं विचारलंय. ती जामखेडला असते."